ताईच्या काकडीचं बी

आमच्या भाऊजींना कचेरीत नावाने कुणी हाक मारत नसे. साहेबापासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना शंभरराव म्हणत. बियाणं तपासायच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि त्या एकतीस वर्षांत एकच काम केलं. पोत्यातलं मूठभर बी घ्यायचं, त्यातल्या शंभर बिया मोजायच्या, ओल्या कागदांवर मांडायच्या, उबेच्या कपाटात ठेवायच्या आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवल्या ते वहीत लिहायचं. नव्वद उगवल्या तर नव्वद, साठ उगवल्या तर साठ. मी ताईला म्हणायची, "अगं, तुझा नवरा आयुष्यभर शंभराच्या पुढे गेलाच नाही." ताई खो खो हसायची. भाऊजीही हसायचे, पण जरा उशिरा, कारण मी म्हणते ते खरं आहे का हे आधी मनात पडताळून बघायचे.

मी त्यांची मेहुणी, ताईची धाकटी बहीण. माझ्या जिभेला हाड नाही ही माझी लहानपणापासूनची कीर्ती. आता ताई नाही आणि भाऊजीही नाहीत, तेव्हा हे सांगायला हरकत नाही. खरं म्हणजे सांगितल्याशिवाय मला चैनच पडायचं नाही, कारण जे झालं त्याची सुरुवात माझ्याच तोंडातून झाली.

भाऊजींची ती तपासणीची खोली मी एकदाच पाहिली. ताईने डबा पोचवायला पाठवलं होतं. लांबलचक पांढरं टेबल, वर वाकवलेला दिवा, आणि दिव्याखाली भाऊजी हातात बारीक चिमटा घेऊन वाकलेले. एका ओल्या कागदावर पंचवीस बिया, पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच. असे चार कागद झाले की शंभर. हात इतके सराईत की तोंडाने माझ्याशी बोलत होते आणि चिमटा आपला एकेक बी टिपून जागेवर ठेवत होता. मी म्हटलं, "एखादी चुकून सव्वीस झाली तर?" माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मी काहीतरी अश्लील बोलले.

एकदा मोठ्या साहेबाने त्यांना बोलावून घेतलं. कांद्याच्या बियाण्याचा मोठा साठा होता आणि भाऊजींच्या वहीत सदुसष्ट आकडा पडला होता. विकायला निदान सत्तर लागत. साहेब म्हणाला, "शंभरराव, तीन बियांनी काय आभाळ कोसळणार आहे?" भाऊजींनी मान डोलावली, खोलीत जाऊन नवे चार कागद भिजवले आणि पुन्हा पहिल्यापासून तपासणी केली. या खेपेला सहासष्ट आल्या. त्यांनी सहासष्ट लिहिले. साहेबाचा चेहरा काय झाला असेल ते सांगायला नको. पुढे खोलीचा मुख्य म्हणून त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान माणूस आला. ताई घरी कपाळ बडवत बसली होती. मी म्हटलं, "अहो, पण दुसऱ्यांदा तपासलंत कशाला? सदुसष्टवर थांबला असतात तर निदान एक बी तरी वाचलं असतं." या वेळी मात्र ते लगेच हसले.

असा हा माणूस. आणि घरी ताईची बाग.

बाग म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. स्वयंपाकघराचं दार उघडलं की मागे लांबट, चिंचोळी जागा, दोन्ही बाजूंना भिंती, शेवटी कपडे वाळत घालायची तार. त्यात ताईने टोमॅटो, मिरच्या, पालक, घेवडा, सगळं कोंबलं होतं. दरवर्षी बियाणं घ्यायच्या वेळी नवराबायकोचं वाजायचं. दुकानातली पाकिटं स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडलेली, भाऊजी चष्मा कपाळावर ढकलून बारीक अक्षरं वाचताहेत: केव्हा भरलं, मुदत कधीपर्यंत, उगवण किती टक्के, संकरित की सरळ वाण. ताई पाकिटावरच्या चित्राकडे बघून म्हणायची, "एवढा लाल टोमॅटो मी जन्मात पाहिला नाही. कुणी तरी रंग मारलाय." ते म्हणायचे, "संकरित घेऊ नकोस. पहिल्या वर्षी फळ देईल भरघोस, पण त्याचं बी धरलंस तर पुढच्या वर्षी भलतंच काहीतरी उगवेल. सरळ वाण घे. जे पेरशील तेच परत मिळेल." ताई म्हणायची, "मला शिकवू नका." आणि शेवटी सरळ वाणच घ्यायची.

पण काकडीचं पाकीट त्या घरात कधी आलं नाही. काकडीचं बी ताईचं स्वतःचं होतं. लग्नानंतर या घरात आली तेव्हा शेजारच्या म्हातारीने घर सोडून जाताना भिंतीवरून मूठभर बिया दिल्या होत्या. तेव्हापासून ताई दरवर्षी लावायची आणि दरवर्षी बी धरायची. अठ्ठावीस वर्षं. काकडी दिसायला काही खास नाही. बुटकी, पोटाशी जाड, फिकट हिरवी, अंगावर पांढुरके पट्टे. पण बी धरायची काकडी ताई ज्या पद्धतीने निवडायची ते बघण्यासारखं असे. सगळ्यांत मोठी काकडी ती कधीच ठेवायची नाही. आधी वेल निवडायची. ज्या वेलाचं एकही पान पिवळं पडलं नाही, ज्याने उन्हात मान टाकली नाही, असा वेल. मग त्याच्यावरची एक काकडी पार पिवळी-तपकिरी होईपर्यंत तशीच लोंबू द्यायची. आतला गर दोन दिवस पाण्यात ठेवायचा. तरंगतं ते पोचट, ते फेकायचं. तळाशी बसतं ते धुऊन सावलीत ताटलीवर वाळवायचं. त्या काकडीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्यांची मुलगी चिमी सात वर्षांची असताना तिने ती तोडली होती, तर ताई दोन दिवस पोरीशी बोलली नव्हती.

भाऊजी ताईच्या बियांचीही तपासणी करत, हे वेगळं सांगायला नको. पण तेव्हा बिया ढीगभर असायच्या. त्यातल्या शंभर ते कचेरीतल्यासारख्या मांडायचे आणि बाटलीवर आकडा लिहायचे. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. ताई बाटली फिरवून आकडा बघायची आणि काही न बोलता कपाटात ठेवायची. पण तिचा चेहरा मी पाहिलेला आहे. एखादी बाई नवऱ्याने दागिना आणला तर तेवढी खूश होणार नाही.

मग ताईला ते दुखणं लागलं. त्या वर्षी वेलांवर कीड पडली, जेमतेम एक काकडी पिकली आणि तिच्या थोड्याशाच बिया निघाल्या. त्यातल्याही तिने दोन शेजारणींना चिमूटचिमूट दिल्या. "माझ्याच्याने पुढच्या वर्षी होईल न होईल," म्हणाली. झालंच नाही. पुढची दोन वर्षं ती खोली ते दवाखाना, दवाखाना ते खोली एवढंच करत राहिली आणि हिवाळ्याच्या तोंडावर गेली. मागची जागा तोवर नुसती गवताने भरली होती.

ती गेल्यावर चिमी आठ दिवस राहिली. तिचं सासर दूरच्या गावी. तिथे त्यांनी नुकतंच स्वतःचं घर घेतलं होतं, मागे थोडी मोकळी जागा असलेलं. मी कपाट उघडून ताईचे दागिने, शाली, चांगली भांडी सगळं तिच्यापुढे मांडलं. तिने कशालाच हात लावला नाही. जाताना दारात बापाला म्हणाली, "बाबा, मला आईचं बाकी काही नको. फक्त काकडीचं बी द्या. थंडी संपली की लावीन." भाऊजींनी मान हलवली. रडून त्यांचा आवाज बसला होता.

महिनाभराने मी त्यांच्याकडे चहाला गेले. बाहेर कडाक्याची थंडी. भाऊजींनी गोळ्यांची एक छोटी काचेची बाटली आणून टेबलावर ठेवली. वर ताईच्या अक्षरात 'काकडी'. "सापडली," म्हणाले. "हिच्या उशालगतच्या खणात होती. मोजल्या. पंचवीस आहेत." किती दिवसांनी त्यांचा चेहरा जरा उजळलेला पाहत होते मी. आणि माझं कर्म बघा. मी चहात बिस्कीट बुडवत म्हटलं, "अहो भाऊजी, पण तीन वर्षांचं बी ते. आणि दोन वर्षं कुठे कुठे पडलेलं, औषधांच्या शेजारी. त्यात जीव तरी असेल का? पोर तिकडे वाफा खणून वाट बघत बसेल आणि उगवायचं काहीच नाही."

"तिचं बी असं मरायचं नाही," ते म्हणाले.

"असं कसं म्हणता? तपासल्याशिवाय बोलू नये, हे तुमचंच ना?"

मी हे हसत हसत म्हटलं होतं, देवाशप्पथ. नेहमीसारखी थट्टा केली. त्यांनी बाटली मुठीत घेतली आणि मग बराच वेळ आम्ही दुसरंच काहीतरी बोलत राहिलो. घरी आल्यावर मी ते विसरूनही गेले.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. "ये. आत्ता ये." आवाज असा की मला वाटलं पडले की काय. धावत गेले. तर माणूस दारातच उभा, स्वेटर उलटा घातलेला, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. तिथे एका खोक्यात दिवा लावून त्यांनी उबेचं कपाट तयार केलं होतं. आतून ओल्या कागदाची गुंडाळी काढली, टेबलावर अलगद उलगडली. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच. आणि बहुतेक बियांना पांढरेशुभ्र कोंब, चांगले बोटाच्या पेराएवढे.

"तेवीस!" ते म्हणाले. "पंचवीसपैकी तेवीस! चौथ्याच दिवशी! ब्याण्णव टक्के! बघ. बघ नीट. तीन वर्षं झाली आणि ब्याण्णव! अगं, कंपनीचं ताजं बियाणं असं उगवत नाही. मी सांगत होतो ना तुला?"

मला इतकं बरं वाटलं. ताईच अशी कागदावर उठून बसल्यासारखी. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली, म्हटलं, "जिंकलात तुम्ही, भाऊजी." आणि मग, अगदी सहज, मी विचारलं, "मग आता चिमीला कुठल्या पाठवणार?"

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

बाटलीकडे पाहिलं. बाटली रिकामी होती. खिडकीकडे पाहिलं. बाहेर भिंतीवर बर्फासारखं दव गोठलं होतं, कोवळं काही लावायला अजून दोन महिने तरी अवकाश होता. मग ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तसेच बसून राहिले.

"सगळ्या?" मी म्हटलं. "अहो, सगळ्या कशा घातल्यात? पाच घालायच्या!"

"पाच बियांचा आकडा हा आकडा नसतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "पंचवीस होत्या ना. पंचवीस म्हणजे एक कागद. हातानेच आपोआप मांडल्या गं. माझ्या लक्षातच आलं नाही."

एकतीस वर्षं त्यांनी तपासलेलं बी बादलीत टाकलं होतं. तपासलेल्या बियांचं पुढे काय होतं याचा विचार त्यांना कधी करावाच लागला नाही, कारण मागे पोतं शिल्लक असायचं. इथे पोतं नव्हतं. दुसरा कुणीही असता, अगदी माझ्यासारखी अडाणी बाई असती, तर तिने एवढ्या बिया एकदम भिजवल्याच नसत्या. ही चूक करायला शंभररावच लागतात. आणि त्यांना डिवचायला मी.

आम्ही धडपड केली नाही असं नाही. घरातले झाडून सगळे कप, वाट्या, डबे गोळा केले, माती भरली आणि तेवीस कोंब लावले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, चुलीच्या जवळ, दिव्याखाली. भाऊजी रात्री दोनदोनदा उठून दिवा सरकवत. रोपं आली, पण उजेडासाठी नुसती उंच उंच होत गेली, दोऱ्यासारखी बारीक. मग एकेकाने बुडाशी मान टाकायला सुरुवात केली. सकाळी मी गेले की भाऊजी सांगायचे, "आज तीन." दुसऱ्या दिवशी, "आज चार." वहीत लिहून ठेवत होते. मला ती वही खिडकीबाहेर फेकून द्यावीशी वाटायची. शेवटचं रोप चाळीस दिवस टिकलं. त्याला दोन पानं आली, दोन्ही पिवळी. ज्या दिवशी ते गेलं त्या दिवशी भाऊजींनी सगळे कप स्वतः घासले आणि जिथले तिथे ठेवले.

मी त्या दोन शेजारणींकडे गेले. एकीने मागची सगळी जागा फरशी घालून बुजवली होती आणि तिथे मोटार उभी होती. दुसरी म्हणाली, "फार गोड लागल्या हो काकड्या, आम्ही कोवळ्याच खाल्ल्या सगळ्या." तिला काय बोलणार? तिचं काही चुकलं नव्हतं. तरी मी तिच्या दारातून तणतणतच बाहेर पडले.

त्याच आठवड्यात चिमीचा फोन आला. मी समोरच होते. "बाबा, आळी तयार केली. मांडवाला काठ्यासुद्धा आणल्या. बी कधी पाठवताय?" भाऊजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पाठवतो."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "खरं काय ते सांगून टाका. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते. माझ्यामुळे झालं म्हणून सांगते. मला शिव्या घालेल, घालू दे."

"नको."

"भाऊजी, किती दिवस लपवणार?"

ते एकदम चिडले. त्यांना चिडलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. "तिची आई एकदा गेली," ते म्हणाले. "ती पुन्हा गेली म्हणून मी फोन करू?"



दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन बियाण्याच्या दुकानात गेले. दुकान अरुंद, आत खत आणि औषधांचा उग्र वास, भिंतीला फळ्यांवर पाकिटांच्या रांगा. दुकानदार गडी बोलका. भाऊजींनी "काकडी" म्हणताच त्याने चार चकचकीत पाकिटं फेकली. "हे घ्या काका, नवीन संकरित. एकेका वेलाला चाळीस-चाळीस फळं. डोळे मिटून न्या."

"संकरित नको," भाऊजी म्हणाले. "सरळ वाण दाखवा."

"सरळ वाण कोण लावतं आता?"

"माझी मुलगी लावणार आहे. ती बी धरणार आहे."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या माणसाने सगळा विचार केलाय. संकरित दिलं असतं तर पहिल्या वर्षी निभावून गेलं असतं. पण चिमी आईसारखी एक काकडी पिकायला ठेवणार, तिचं बी पुढच्या वर्षी लावणार, आणि मग वेलावर भलतंच काहीतरी लोंबायला लागणार. सरळ वाण दिलं तर खोटं वर्षानुवर्षं चालणार. खोटंसुद्धा त्यांनी दर वर्षी उगवेल असं निवडलं.

दुकानदाराने कुरकुरत खालच्या खणातून पाच-सहा पाकिटं काढली. भाऊजी एकेक उजेडात धरून वाचू लागले. हे लांबडं, नको. याची साल गडद, नको. याला काटे असतात, नको. ही बुटकी आहे, पण पट्टे नाहीत. "पट्टे हवेत," ते म्हणाले, "पांढुरके. आणि पोट जाड." दुकानदार म्हणाला, "काका, काकडी घ्यायला आलात की मुलगी बघायला?" एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. भाऊजींनी ऐकलंही नाही. शेवटी दोन वाणांची पाकिटं घेतली. सगळ्या पाकिटांवरची तारीख बघितली, एक मुदत संपत आलेलं परत केलं, त्याच्या जागी दुसरं मागून घेतलं. आयुष्यभर त्यांनी लोकांना वाईट बियाण्यापासून वाचवलं होतं, आणि आता त्याच विद्येने ते आपल्या पोरीला फसवायला निघाले होते.

घरी येऊन त्यांनी दोन्ही वाणांच्या शंभर-शंभर बिया तपासल्या. या खेपेला पोतं मागे ठेवून. एकाच्या अठ्ठ्याऐंशी उगवल्या, दुसऱ्याच्या एक्क्याऐंशी. अठ्ठ्याऐंशीवाल्या पाकिटातल्या न भिजवलेल्या पंचवीस बिया निवडून त्यांनी ताईच्या बाटलीत घातल्या. बाटलीवरचा कागद मात्र आता फाटला होता, ओल्या हातांनी कितीदा धरला असेल. नवा कागद चिकटवला आणि पेन माझ्यापुढे केलं.

"तू लिही. तुझं अक्षर तिच्यासारखं आहे."

"भाऊजी!"

"लिही गं."

मी लिहिलं, 'काकडी'. ताईसारखं, शेवटचा ड जरा लांब ओढून. माझे डोळे इतके भरून आले होते की ओळ वाकडी गेली. त्यांनी बाटली परत घेतली आणि खाली बारीक अक्षरात स्वतः आकडा घातला. मला वाटलं ब्याण्णव लिहितील. अठ्ठ्याऐंशी लिहिला. "याचा अठ्ठ्याऐंशीच आहे," म्हणाले.

बाटली गेली. थंडी सरली. चिमीचे फोन येत राहिले. उगवल्या बाबा, बावीस उगवल्या! वेल मांडवावर चढला बाबा! पिवळी फुलं आली! प्रत्येक फोननंतर भाऊजी मला सांगायचे, आणि सांगताना आवाज आनंदी ठेवायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. त्या वर्षी मागच्या जागेत त्यांनी काहीच लावलं नाही. मी पालकाचं पाकीट नेऊन दिलं, ते तसंच टेबलावर पडून राहिलं.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी चिमी आली. पिशवी टेबलावर उपडी केली. सहा काकड्या. बुटक्या, पोटाशी जाड, पांढुरक्या पट्ट्यांच्या. भाऊजींनी निवड चोख केली होती, त्यात वादच नाही. चिमीने सुरी घेतली, जाड चकत्या केल्या, वर मीठ भुरभुरलं. ताई करायची तसं. एक चकती तोंडात टाकली आणि चावता चावता तिचा चेहरा वाकडा झाला. मग ती रडायला लागली. तीस वर्षांची बाई, लहान पोरीसारखी हमसून हमसून. "आई," म्हणाली. "बाबा, अगदी आईची. अगदी तीच चव हो."

मी एक चकती तोंडात टाकली, भाऊजींनी एक उचलली. हळूहळू खाल्ली. "हो," म्हणाले. "तीच."

चिमी म्हणाली, "दोन काकड्या पिकायला ठेवल्यात, बियांसाठी. आता हे बी कधी संपू द्यायचं नाही मी." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी ती झोपली होती. आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसलो होतो. उरलेल्या चकत्या ताटलीत होत्या. भाऊजींनी एक घेतली, पण खाल्ली नाही, हातात धरून राहिले.

"हिची चव नुसती जिभेच्या टोकावर लागते," ते हळूच म्हणाले. "तिची आधी काहीच लागायची नाही. मग गिळल्यावर मागून गोड यायची. आठवतं ना?" ते माझ्याकडे वळले. "पोरीला नाही आठवत. लहानपणी खाल्लेली, तिचं काय. पण आपण तर इतकी वर्षं खाल्ली. तुला कळलं ना लगेच? मला सकाळी तुझ्याकडे बघून बरं वाटलं. म्हटलं, निदान आपल्या दोघांना तरी ठाऊक आहे ती कशी होती."

मी ताटलीतली एक चकती घेऊन तोंडात टाकली. चावली. गिळली. थांबून पाहिलं. सकाळीही मी असंच केलं होतं, आणि सकाळीही मला ती ताईचीच वाटली होती. अगदी तीच. मला काही म्हणजे काही फरक कळत नव्हता.

"हो," मी म्हटलं. "लगेच कळलं."

त्यांनी मान हलवली, आणि त्यांचे खांदे जरा सैल झाले.